प्लास्टिकच्या पडद्याचा स्पीकर

परळच्या आमच्या खोलीत मी लाउडस्पीकर बांधायला घेतला, तेव्हा वडिलांनी गिरणीत माझे नाव बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, घातलेले होते. एक तारखेपासून जायचे होते. लालबागला रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारे एक गृहस्थ म्हणाले होते, "वाजवून दाखव. वाजला तर गिरणीत जाऊ नकोस, माझ्याकडे ये." दुसरी वाट मला नव्हती.

या स्पीकरला कागदी शंकू नसतो. भोके पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणून बसवायचा, त्यावर शिसपेन्सिलीची पूड चोळायची आणि त्याला हजारांच्या घरातला विजेचा दाब द्यायचा. मग पडदाच थरथरून बोलतो. ते प्लास्टिक बोटीवर काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने परदेशातून आणले होते. एका स्पीकरपुरतेच होते.

असा पडदा हवेतली धूळ ओढून घेतो आणि आमच्याकडे धूळ म्हणजे कापूस. म्हणून मी खिडकीच्या फटी वर्तमानपत्राने बुजवल्या.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले आणि संचारबंदी लागली. गॅलरीत कोणी दिसले की पोलीस खालून बंदुका रोखत. वडील कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. रोज गॅलरीत सदरा झटकून मगच आत येत. संचारबंदी लागली त्या संध्याकाळी तसेच आत आले. कापसाने पांढरा झालेला तो सदरा पाहून मी घाबरलो आणि मोरीत जाऊन झटका, असे सांगितले. मोरी स्पीकरपासून चार हातांवर होती. स्पीकरवर चादर टाकायचे मला सुचले नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघे आणि स्टोव्हचा धूर. आई खिडकी उघडायला दोनदा उठली. दोन्ही वेळा मी तिला अडवले.

तिसऱ्या दिवशी दोन तासांची सूट मिळाली. दुकानदार आले, खाटेवर बसले. मी स्पीकर रेडिओला जोडला. रेडिओवर सतार लागली होती. तारेवर नखी टेकल्याचाही आवाज वेगळा ऐकू आला. ते पुढे झुकले.

मग तडतड सुरू झाली, निळी ठिणगी उडाली. मी प्लग काढून पत्रा उघडला. पडद्याला बोट जाईल एवढे भोक होते आणि त्याच्या कडेला कापसाचे जळके तंतू.

"आवाज चांगला होता," दुकानदार म्हणाले. "पण मला गिऱ्हाइकाला रोज वाजणारी वस्तू द्यावी लागते रे. दुसरा पडदा आहे?"

नव्हता. मी वडिलांकडे पाहिले.

"झटकूक तूच सांगितलंस," ते म्हणाले.

खरे होते. दुकानदारांनी घड्याळ पाहिले, चपला घातल्या आणि सूट संपायच्या आत घर गाठायला निघाले.

दार लावल्यावर वडील गिरणीच्या गेटवर कसे उभे राहायचे ते सांगू लागले. रोजची माणसे निवडणाऱ्या जॉबरला दिसेल असे राहायचे, पण अगदी पुढे नाही. पुढे घुसणाऱ्याला तो मुद्दाम मागे ठेवतो. मी मान हलवली.