सदाभाऊंना सांगितलेलं खोटं ऊन

महिन्यापूर्वी सदाभाऊंच्या मुलीचा फोन आला, "काकू, बाबा गेले." मी विचारलं, "नक्की?" मेलेल्या माणसावरही संशय! पण आमची ओळखच संशयातून झालेली...

संपाचं पहिलं वर्ष. लालबागच्या चाळीत माझी खाणावळ; जेवणारे गिरणी कामगार निम्मे कोकणात परतलेले. आमचे हे संपाच्या कामात, पोलीस मागावर. ते गावाला गेलेत, असं मी चाळभर सांगून ठेवलेलं. प्रत्यक्षात नाक्यावरचे हवालदार चारला चहाला वळले की हे मागच्या जिन्यानं येत, जेवत आणि पोटमाळ्यावर पडत. अशात सदाभाऊ उगवले. खांद्याला झोळी, हातात टेप. म्हणे सिनेमाचा सहायक दिग्दर्शक, शूटिंगच्या आधी जागा बघतोय. खोली मोजली, जिने मोजले, घरात कोण कधी असतं तेही विचारलं. सिनेमावाला जिने कशाला मोजेल? मी तेव्हा स्वतःला भलतीच हुशार समजायचे. शेजारच्या मालतीच्या कानात म्हटलं, "खबरी आसा गो मेलो!"

जाताना ते म्हणाले, "वैनी, खोलीत ऊन कधी येतं? त्या वेळेला शूटिंग ठेवू." ऊन यायचं नेमकं चारला. मी पदर सावरून ठोकून दिलं, "सकाळी सातला. नुसतं लख्ख!" त्यांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सात लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, कसा फसवला!

चार दिवसांनी सातला दिग्दर्शक लवाजमा घेऊन खोली नक्की करायला आले. आत अंधार, वर शेगडीचा धूर. "एवढं साधं बघता येत नाही तुला?" ते गॅलरीत ओरडले. अख्खी चाळ कठड्याला. सदाभाऊ म्हणाले, "चुकलो, साहेब." जागा रद्द झाली, त्यांचं कामही गेलं. आणि दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ माझ्याकडे जेवायला हजर! आमटी वाढताना माझा एक डोळा त्यांच्यावरच. परत का आला?

ते येतच राहिले. संप विरला, गिरणीला टाळं लागलं, पुढे हेही गेले. त्यानंतर मी एकदाची कबुली दिली. बांगड्याचा काटा काढत सदाभाऊ म्हणाले, "वैनी, खिडकी पश्चिमेची. मला दिशा कळत नव्हत्या? आणि गावाला गेलेल्या माणसाचा दाढीचा ब्रश ओला?"

"मग खोली नको म्हणायचं की साहेबांना!"

"कारण विचारलं असतं. अंधाराला कारण लागत नाही."

मी आभार मानावेत ना? मी विचारलं, "आणखी कुणाला बोललात?"

"आज पहिल्यांदाच. तेही तुम्हाला."

सदाभाऊ जेवायला कायम पोटमाळ्याच्या शिडीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. मला वाटायचं, वरची चाहूल घेतोय. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते आणि ते दारावर... आता घरात कुणीच लपलेलं नाही. तरी जेवायला मी त्याच जागी बसते, दाराकडे बघत.