तिसऱ्या स्मरणपत्राची वाट

गल्लीत त्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखतच नसे. लहानथोर सगळे म्हणत, विचाराधीन काका. उभी हयात कचेरीत हेडक्लार्की केली आणि एक नियम प्राणापलीकडे जपला: पहिल्या पत्राला उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्याकडे बघायचं नाही, आणि तिसरं स्मरणपत्र आलंच तर कागदावर ‘विचाराधीन’ लिहून तो शेजारच्या टेबलावर सरकवायचा. तोवर निम्मे अर्जदार थकून जात. काका समाधानानं म्हणत, “बघा, प्रश्न आपोआप मिटतात.”

निवृत्तीनंतर कागद संपले, पण खोड कुठली जाते! घरचा नळ ठिबकत होता, विचाराधीन. दाराची कडी निखळली होती, तीही विचाराधीन. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तोसुद्धा त्याच ढिगात. शेवटी काकूंनी लेकीकरवी दवाखान्यात नंबर लावला आणि कित्येक महिन्यांनी ऑपरेशनचा दिवस मिळाला. तो चुकला की पुन्हा रांगेच्या शेपटाला.

त्या थंडीच्या सकाळी दोघं गाडीनं निघाले. वस्ती मागे पडते न पडते तोच काकांच्या पुढ्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, पाण्यात बुडालेल्या थर्मामीटरच्या चित्राचा.

“अहो, लाल काय चमकतंय? मला आंधळीलासुद्धा दिसतंय!”

“इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी झालंय म्हणे. गेल्या आठवड्यात लागला होता ते पहिलं स्मरणपत्र, हे दुसरं. अजून एक येऊ दे.”

“आणि हा हीटर गार हवा का फेकतोय? गोडसर वासही येतोय कसला तरी.”

“तुझं नाक फार चौकशा करतं.”

तिसरं स्मरणपत्र वाफेच्या रूपानं आलं. तापमानाचा काटा टोकाला भिडला, बॉनेटमधून धूर निघाल्यासारखं झालं. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच घाई केली. रुमाल घेऊन थेट कूलंटच्या टाकीच्या झाकणाकडे!

“हात लावाल तर खबरदार!” काकू ओरडल्या. “उकळतं पाणी तोंडावर उडेल. आज ऑपरेशन एकाच माणसाचं ठरलंय.”

“मग करू तरी काय?”

“जन्मभर केलंत तेच. गप बसून राहा. या कामात तुमचा हात धरणारा कुणी नाही.”

इंजिन पार गार झाल्यावर झाकण उघडलं, तर टाकीत ठणठणाट. नळीच्या जोडातून सगळं गळून गेलेलं. काकूंनी प्यायच्या पाण्याची बाटली पुढे केली. मग थोडं चालायचं, काटा चढला की थांबायचं, गार झालं की पाणी घालायचं, असं करत दवाखाना आला तेव्हा डॉक्टर उठून गेले होते.

“अहो, हिच्या डोळ्यांचा प्रश्न आहे!” काका खिडकीशी काकुळतीला आले.

आतल्या कारकुनानं मान वर न करता म्हटलं, “अर्ज ठेवून जा. विचाराधीन ठेवतो.”

काकांनी खिडकीवर हात आपटला. “विचार कसला करताय? माणूस इथं उभं आहे, दिसत नाही का?”

मागच्या बाकावर काकू इतक्या हसल्या की गढूळ डोळ्यांतून पाणी आलं.

ऑपरेशन झालं, पण काकांच्या तिसऱ्या खेपेला. डोळ्यावरची पट्टी सुटली तशा काकू घरभर फिरल्या. नळ पाहिला, कडी पाहिली, कोपऱ्यातली जळमटं पाहिली आणि शेवटी आरामखुर्चीतल्या काकांकडे पाहिलं.

“आता मला सगळं स्वच्छ दिसतंय,” त्या म्हणाल्या. “आणि मी स्मरणपत्रं पाठवत नाही.”

काका पाना शोधायला उठले.