दुसऱ्या टोपलीचा वाटा

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांना एकच खूळ होतं. प्रोग्राम लिहिण्याआधी तो काय करील आणि काय कधीच करणार नाही, हे गणिताच्या चिन्हांत मांडायचं. उलटा ए म्हणजे 'प्रत्येक', उलटा ई म्हणजे 'निदान एक तरी'. मला ही चिन्हं भारी आवडली. त्यांच्यात कुणाला गोलमाल बोलता येत नाही, असं मी चंद्रपूरच्या होस्टेलात छाती काढून सांगायचो.

प्रोजेक्टला मी आमच्या गावच्या तलावातल्या मासोळीची वाटणी घेतली. जाळं ओढलं की वाटे पडत. माणशी नाही, चुलीमागे एक. आता कॉम्प्युटरला चूल म्हणजे काय ते सांगायला हवं. मी लिहिलं : प्रत्येक चुलीला निदान एक तरी जेवणारा असतो.

संक्रांतीच्या सुमारास प्रोजेक्टची वही घेऊन गावी आलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाटे पडत होते, बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मच्छीमार सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष, त्यांना सगळे भाऊच म्हणत, मला म्हणाले, "काय लिवून राह्यला बापा, आमाले समजन असं वाच ना."

मी उभा राहून खणखणीत आवाजात वाचलं, "ज्या चुलीवर कोणाचंच शिजत नाही, ती चूल धरायची नाही. तिला वाटा नाही."

वाटे टाकणारे हात थांबले. मला वाटलं, सारे थक्क झाले. मग बायांच्या नजरा जिकडे वळल्या तिकडे मी पाहिलं. तिथे माझी आई बसली होती आणि तिच्यापुढे दोन टोपल्या होत्या. एक आमची. दुसरी मोठ्या आईची, म्हणजे माझ्या विधवा काकूची. ती मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहायची, आणि मी होस्टेलात गेलो त्याच वर्षी वारली होती. तिचा वाटा आई अजून घेत होती, मूल गावच्या बाजारात विकत होती. बाबा नव्हते, माझी मेस त्यावर चालली होती. मला या वाट्याचं काही ठाऊक नव्हतं.

"थे ओळ खोड," भाऊ हळूच म्हणाले. "आमाले मालूम हाये सारं. तुयं शिक्षण होऊन राह्यलं म्हून देतो."

आधी मला आईची लाज वाटली. मग, आपल्याला तिची लाज वाटली याची वाटली, आणि ती काही केल्या जाईना. आईनं दुसरी टोपली पालथी घातली.

मी ती ओळ खोडली. सरांनी त्या पानावर लाल शेरा मारला : रिकाम्या चुलीलाही वाटा जातो, अट राहिली. मार्क कापले. मी कारण सांगितलं नाही.

पुढचं जाळं पडलं तेव्हा मी पुन्हा गावी आलो होतो. दोन्ही टोपल्या अंगणात आणून ठेवल्या आणि आईला म्हणालो, "थे ओळ खोडली मी. कोणी काई म्हणत नाई."

"तू खोडली रे," ती म्हणाली, "पन म्या आयकली ना."

आणि एकच टोपली उचलून ती पाळीकडे निघाली.