मी फुगले, भाकरीही फुगली

लग्न होऊन अवसरीला आले तेव्हा कळलं की या घरात राग माणूस बघून नाव बदलतो. सासरे चिडले की 'तापले'. दीर चिडला की 'भडकला'. मी चिडले की मात्र 'फुगली', जणू बाईच्या अंगात राग नसतोच, फुग्यासारखी नुसती हवा असते.

एकदा मी मंचरच्या शिवणक्लासला जाते म्हणाले, तर सासऱ्यांनी ऐकून न घेताच नाही म्हटलं. मी चुलीपुढं बसून बाजरीच्या भाकरी थापायला लागले. घरात नवा गॅस होता, पण भाकरी अजून चुलीवरचीच लागायची. जेवताना दीर हसत म्हणाला, "वहिनी लई फुगल्यात आज."

तेवढ्यात निखाऱ्यावरची भाकरी टम्म फुगली. मी ती उचलून त्याच्या ताटात टाकली.

"भाऊजी, ही फुगली की माझं कौतुक करता. न्हाई फुगली की नावं ठेवता. मग मी फुगले तर काय बिघडलं?"

त्यानं भाकरीचा पापुद्रा फोडला आणि चटका बसून बोटं झटकली.

"हवा न्हाई ती, वाफ हाय," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंचरच्या एसटीत जाऊन बसले.