फुजैराचे टोप सांभाळणारे इनासकाका

इनासकाकांशी माझी ओळख भांडणातून झाली. अमिरातीतल्या फुजैरा बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलमध्ये कागदपत्रांच्या टेबलावर मी नवीन होते. जहाजात तेल भरून झालं होतं, कप्तानाचा माणूस "यल्ला, खलास, आटपा, सही द्या" म्हणून समोर उभा होता, आणि सुपरवायझर असलेले काका तेलाच्या नमुन्याच्या बाटलीला सील लागल्याशिवाय सही करायला तयार नव्हते.

मी चिडून म्हणाले, "सर, शिप लेट होतंय, सगळे माझ्यावर ओरडतायत."

"ओरडू दे. सील लागलं की मी येतो. मग तू माझ्यावर ओरड."

ते खरोखर आले, निमूटपणे माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलीस का?" त्या दिवसापासून सरांचे काका झाले.

येत्या महिन्यात काका साठ वर्षांचे होत आहेत. नोकरी संपते आहे आणि तिच्याबरोबर व्हिसाही. हा गौरवाचा लेख आहे, पण लिहिताना निरोपाचं लिहिल्यासारखं वाटतं आणि मला त्याचा राग येतो.

फुजैरात मराठी माणसं मोजकीच. त्यात जो तो कधीतरी जाण्यासाठीच आलेला. मूळच्या वसईच्या इनासकाकांनी आणि त्यांच्या पत्नी लूसीकाकूंनी आपल्या घरी रविवारचं जेवण सुरू केलं. चर्चला जाणारे, न जाणारे, सगळे तिथे जमायचे. बदली होऊन किंवा कायमचं निघालेलं प्रत्येक कुटुंब आपला सर्वांत मोठा टोप काकूंकडे ठेवून जाई, कारण तो विमानातून नेणार कोण. पुढे काकू वारल्या. काका एकटे झाले, पण जेवण थांबलं नाही. आम्ही दूर शारजातल्या अल नहदा भागात राहायला गेलो, तरी रविवारी काकांचा फोन यायचा, "ट्रॅफिकमधून सुटलात का? मग भात टाकतो."

काकांची मुलगी रीना अमेरिकेच्या पश्चिमेला, मोंटानातल्या एका छोट्या गावात नर्स आहे. काही वर्षांपूर्वी काका तिच्याकडे राहून आले आणि त्या गावाचा इतिहास असा सांगू लागले, की जणू तिथेच जन्मले. तिथे तांब्याची खाण होती, ती बंद पडली, अर्धा गाव निघून गेला. उरलेल्यांनी जुन्या शाळेत गावाच्या वस्तू मांडल्या आहेत. तिथे बसणाऱ्या आजीबाई येणाऱ्याला बेकरी कुठे होती आणि कोण कोणाशी पळून गेलं, हे सारख्याच आस्थेने सांगतात. चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण असतं. प्रत्येकजण घरून एक पदार्थ आणतो आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. काही नावांची माणसं केव्हाच वारली आहेत. भांडी येतात आणि पट्ट्या कोणी काढत नाही.

परत आल्यावर काकांनी आमच्या टोपांना तशाच पट्ट्या लावल्या. मग "आज डाळ डिमेलोंच्या टोपात आहे" असं म्हणून ते डिमेलोंची एखादी गोष्ट सांगत. त्यांना कधीही न पाहिलेली नवी मंडळीही पोट धरून हसत. माझी मुलगी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. तिने एकदा विचारलं, "अंकल, व्हेअर आर दे नाऊ?" काका म्हणाले, "पुण्यात, बाळा. तिथे कोणाकडे जातात जेवायला, ठाऊक नाही."

मागच्या रविवारी सगळे गेल्यावर मी सिंकपाशी उभी राहून विचारलं, "काका, रीनाकडे कायमचं जायला तुम्ही खूश आहात ना?"

टोप घासता घासता ते म्हणाले, "त्या गावजेवणाला मी आपलं आंबट-तिखट मटणाचं इंद्याल नेलं होतं गं. टोपभर. सगळे वास घेऊन 'व्हेरी नाइस' म्हणाले. चमचा चमचा घेतलं. भरलेला टोप परत घरी आणला. रीनाची ड्यूटी. पुढचे कितीतरी दिवस एकटाच खात होतो."

"आधी कधी बोलला नाहीत."

"माणसं चांगली आहेत. माझ्या हाताची सवय नाही त्यांना, इतकंच. सवय व्हायला वेळ लागतो, आणि मी साठीला आलो."

त्या गावाच्या गोष्टी ऐकून आम्ही इतकी वर्षं हसलो. त्यातली एवढी गोष्ट त्यांनी गाळली होती. मला रडू आलं, ते मी नळाच्या आवाजात लपवलं.

टोप आम्ही वाटून घेतले आहेत. रविवारचं जेवण पुढे चालेल का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्यातल्या कोणाचंच घर इथलं नाही. काकांचंही नव्हतं, पण ते तसं वागले नाहीत.

इनासकाकांना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे बर्फातही साथ देवोत, रीनाला रविवारी सुट्टी मिळो. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही त्यांच्यासाठी मागणं एवढंच, की त्या हॉलमधून घरी परतताना त्यांच्या हातातला टोप रिकामा असो.