हसण्यावारी नेलेली दाढ

परवा शहाद्यात दातांच्या दवाखान्यात शिरलो आणि लवंगेच्या तेलाचा वास आला. त्या वासाने मला थेट पंचवीस वर्षं मागे, म्हसावदला मुलगी पाहायला गेलो त्या दुपारी नेऊन बसवलं.

तेव्हाही उजवीकडची दाढ ठणकत होती. पण दुखणं हसण्यावारी न्यायचं, हा माझा स्वभाव. दवाखाना टाळून मी दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा दाबला आणि गेलो. मुलीच्या वडिलांनी मळ्यातला ऊस पुढे केला. "ल्या पाव्हणा, खा." आमच्याकडे ऊस दातांनीच सोलतात. सोलायला चाकू मागणाऱ्याला जावई कोण करून घेणार? मी विनोद सांगत डाव्या बाजूने सालं ओढत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, तेही हसण्याच्या नावावर खपवलं.

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला वास आला असावा. हळूच म्हणाली, "दाढ दुखी ऱ्हायनी ना? पहिले दवाखानामा जा, मंग लगीननं देखूत."

दुसऱ्या दिवशी दाढ काढून आलो आणि तसा निरोप धाडला. आठवड्याने होकार आला. ती माझ्या विनोदांवर भाळली, असं मी कित्येक वर्षं चारचौघांत सांगत आलो.

परवा डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"झाले असतील दोनेक दिवस," मी हसत म्हणालो.

"महिना व्हयना, डॉक्टर," सोबत आलेल्या बायकोने मागून दुरुस्ती केली. "या हसाले लागनात म्हंजे दुखस."

मी मुकाट्याने तोंड उघडलं.