पपांसाठी, फक्त सुरुवात

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरच्या सावेडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याशी गवारीवरून हुज्जत घालत होते. नंबर अमेरिकेचा. पलीकडे ग्रेग होता, दादाच्या बँडचा गायक. सगळी हयात माइकवर घसा फोडण्यात घालवलेला तो माणूस इतका हळू बोलत होता, की मला दोनदा "काय?" म्हणून विचारावं लागलं. माझ्या शैला नावाचं तो शायला करतो. "शायला, अरुण गेला... तासाभरापूर्वी. झोपेतच." मी थँक यू म्हणाले. अशा वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो. पिशवी घेऊन घरी आले, पंख्याखाली बसले आणि अर्धा किलो गवार निवडली. शेवटची शेंग मोडून झाली, करायला काही उरलं नाही, आणि मग रडू आलं. त्याला आता सात आठवडे होतील. जे मी दादाला सांगायला हवं होतं ते आता तुम्हाला सांगते आहे, कारण सांगण्यासारखं दुसरं कुणी उरलेलं नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अरुण साळवे. तो अमेरिकेतल्या एका हार्डकोर पंक बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. बँडचं नाव इथे लिहीत नाही, ते छापलं तर संपादकांना दिवसभर फोन घ्यावे लागतील. हा संगीतप्रकार मलाही कधी धड पचला नाही. गाणं मिनिटभराचं, वेग असा की शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात, चाल शोधायला जावं तर गाणं संपलेलं. पण पोरं कुणावर ओरडत होती ते मला समजत होतं. परदेशातल्या हुकूमशहांना बंदुका पाठवणारं त्यांचं सरकार, युद्धावर निघालेल्या विमानांना आशीर्वाद देणारे धर्मोपदेशक, आणि हे सगळं टीव्हीवर बघत जेवणारी माणसं. दादा गेला होता इंजिनियर व्हायला. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, दिवसा घरं रंगवायला लागला आणि संध्याकाळी कुणाच्या तरी तळघरात ही तिघं-चौघं जमायला लागली.

आमचे पपा मिशनच्या शाळेत ड्रिलचे सर होते. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज. "एक, दोन, तीन, च्चार!" तो 'चार' ते असा तोडायचे की पोरांच्या टाचा आपोआप जुळायच्या. ही मोजणी मैदानावर ठेवून ते घरी आले असते तर बरं झालं असतं, पण नाही. कपाट सरकवायचं तर एक दोन तीन च्चार. स्कूटर ढकलायची तर एक दोन तीन च्चार. संध्याकाळच्या प्रार्थनेत गीत सुरू करायच्या आधीसुद्धा, डोळे मिटून, हलक्या आवाजात, तेच. दादा ढोलकी घेऊन शेजारी बसायचा आणि 'चार' पडला की त्याची थाप पडायची. दोघांमध्ये सुईचं टोक जाईल एवढंही अंतर नसायचं. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा दादाने मोठ्या हौसेने ती पार्सलने पाठवली. आमच्या घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं, त्यामुळे आम्ही फक्त वेष्टन पाहिलं. त्यावर त्यांचे राष्ट्राध्यक्ष, एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात बाँब. पपांनी चष्मा लावला, मागे छापलेली सगळी गाणी शेवटपर्यंत वाचली, रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली. "आपल्या घरातलं काहीही त्याने बरोबर नेलं नाही," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी दादाला पत्र लिहिलं नाही, त्याची पत्रं मी मोठ्याने वाचायला लागले की उठून अंगणात जायचे. आई असती तर तिने काही तरी मार्ग काढला असता. पण आई आम्ही शाळेत असतानाच गेलेली, आणि मी कसली मार्ग काढते... मी पपांचीच मुलगी.

इकडे हे, आणि तिकडे बँडचं बरं चाललं होतं, म्हणजे बरं चाललं होतं असं दादाच्या पत्रांवरून वाटायचं. दुकानदार रेकॉर्ड ठेवत नव्हते. तीन ठिकाणी पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला. एका गावात तर हॉलवाल्यांनी पहिल्याच गाण्यात वीज तोडली. गिटारी मुक्या, माइक मुका. ड्रम्सना मात्र वीज लागत नाही. दादाने अंधारात गाण्याआधीची मोजणी पुन्हा सुरू केली आणि समोरची दोन-तीनशे पोरं त्याच्याबरोबर मोजायला लागली. ग्रेग सांगतो, त्या दिवसापासून मोजणी बँडची राहिली नाही, ऐकणाऱ्यांची झाली. पत्रात दादाने हे सगळं लिहिलं होतं, फक्त मोजणी कोणत्या भाषेत होती ते लिहिलं नव्हतं.

ते मला कळलं कॅसेटमुळे. माझ्या नावाने आली होती, वर दादाच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: 'पपांसाठी, फक्त सुरुवात.' सोबत चार ओळी, की शैला, बाकीचं त्यांना आवडणार नाही, पण पहिले पाच सेकंद तरी ऐकव. पपा मंडईत गेलेले असताना मी टेपरेकॉर्डर लावला, आवाज बारीक ठेवून. आणि स्पीकरमधून दादा ओरडला, "एक! दोन! तीन! च्चार!" तोच तुटलेला चार. त्यामागून पत्र्यांचा ढीग कोसळावा तसा आवाज. मी झटकन बटण दाबलं. माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, हा पपांची नक्कल करतोय. ज्या माणसाने आयुष्यभर तळपत्या मैदानावर उभं राहून मोजलं, त्याचं दारुड्या गोऱ्या पोरांपुढे हसं करतोय. कॅसेट साड्यांच्या खाली टाकली. दादाला कळवलं, मिळाली. ऐकवली की नाही, ते लिहिलं नाही.

त्यानंतर चार वर्षांनी पपांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. माझं नाव येईना, पाणी म्हणता येईना. त्यांच्या तोंडात चारच शब्द उरले. भूक लागली तरी एक दोन तीन चार, कूस बदलायची तरी तेच. डॉक्टर म्हणाले, पाठ झालेलं असं कधी कधी मागे राहतं. मी दादाला तार केली, मग फोन केला. बँड कुठे कुठे फिरत होता, निरोप उशिरा पोचला. मग तो पैसे जमवतो, येतो, म्हणत राहिला आणि माझ्या मनात अढी बसत गेली.

त्या दिवसांत पपांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. अकोले तालुक्यातला, डोंगरात भाताची शेती करणारा. गुडघ्यावर हात टेकत टेकत खोलीत आला. "सर, वळखलं का? मी तुमचा दुसऱ्या रांगेतला सोमा." पपांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एक... दोन... तीन... चार." सोमा उठला. पलंगाशेजारी त्या एवढ्याशा जागेत सावधान उभा राहिला, हात वर, हात समोर, हात बाजूला, हात खाली. पपा पुन्हा मोजायला लागले, तो पुन्हा करायला लागला. पपा हसत होते. निम्मंच तोंड हसत होतं, पण हसत होते. जाताना सोमा मला दारात म्हणाला, "ताई, सरांना बोलता येत न्हाई आसं कोन म्हनलं? लई बोलत्यात. आपुन उत्तर द्याया पायजे फकस्त."

त्या संध्याकाळी मी कॅसेट साड्यांखालून काढली. टेपरेकॉर्डर पपांच्या उशाशी आणून ठेवला, वायर प्लगमध्ये लावली. फक्त बटण दाबायचं होतं. पण मला वाटलं, याला एवढं वाटतं तर याने स्वतः यावं. मी एकटीने कूस बदलायची, मी एकटीने चमच्याने भरवायचं, आणि हा तिकडून पाच सेकंद ओरडून मोकळा होणार? मी वायर काढली. नऊ दिवसांनी पपा गेले. दादा पोचला तो चौथ्या दिवशी.

दादा आणि मी त्या कॅसेटवर कधी बोललो नाही. बँड फुटला, दुसऱ्या एका युद्धाच्या वेळी पुन्हा जुळला, पुन्हा फुटला. केस पिकलेले हे चौघे दर काही वर्षांनी जमायचे, कारण ओरडायला कारण मिळतच राहायचं. गेल्या नाताळात दादा नगरला आला तेव्हा त्याच्या अंगावर स्वेटर हँगरला लटकवल्यासारखा दिसत होता. आजार त्याने फोनवर सांगितला नव्हता. अंगणात ऊन खात बसलो होतो. म्हणाला, "शैला, मला तिथे ड्रम्स शिकायची गरजच पडली नाही. चार कधी पडणार ते मला पपांनी शिकवलं होतं. मी जे काही वाजवलं ते त्या चारच्या पुढचं." मग म्हणाला, "ती कॅसेट त्यांनी ऐकली होती का गं?"

नक्कल नव्हती ती. तीस वर्षं मी ज्याला नक्कल समजत होते ते तसं नव्हतंच. मी त्याच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "ऐकली होती. शेवटच्या दिवसांत. बोलता येत नव्हतं ना, पण डाव्या पायाने ठेका धरला होता." दादाने तोंड ओंजळीत घेतलं. लहानपणी आई गेली तेव्हा रडला होता तसा रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. एवढी निर्ढावलेली असेन असं मला वाटलं नव्हतं.

मला वाटलं खोटं आमच्या अंगणात राहील. मागच्या पंधरवड्यात ग्रेगने व्हिडिओ पाठवला, त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाचा. दादा ड्रम्समागे खुर्चीला टेकून बसलाय. माइक ओढून घेतो आणि सांगतो, माझे वडील आमच्यावर रागावले होते, पण मरणाआधी त्यांनी आमची सुरुवात ऐकली, आणि त्यांचा पाय हलला. मग दादा काठ्या उचलतो, आणि ती सगळी माणसं, टकली, ढेरपोटी, गोंदवलेली, एका आवाजात म्हणतात, एक, दोन, तीन, चार. कित्येक जण रडताहेत.

पपांचा टेपरेकॉर्डर मी टाकला नव्हता. काल तो काढला, पुसला, पपांच्या खोलीत लावला आणि दादाची कॅसेट घातली. यंत्राच्या आतला पट्टा सैल झालाय, टेप संथ फिरते. दादाचा तरणा, टोकदार आवाज जड होऊन, खाली उतरून आला. "एक... दोन... तीन... चार..." मी दाराकडे बघितलं. पपांचाच आवाज होता तो. या वेळी बंद करायचं बटण दाबलं नाही. पूर्ण बाजू ऐकली. अकरा गाणी, अकरा वेळा पपांनी मोजलं. मी पपांच्या पलंगाच्या कडेला बसून होते, दोन्ही पाय हलू नयेत म्हणून फरशीवर घट्ट दाबून धरलेले. तो ठेका पपांचा होता, आणि मी तो त्यांना धरू दिला नव्हता.